खिडकीवरची टकटक

मोबाइलचा अलार्म वाजतो. तुम्ही डोळे न उघडताच स्नूज दाबता. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी रूममेट कुशीवर वळून एक शेलकी शिवी हासडतो, तेव्हा कुठे तुमचा दिवस सुरू होतो. बरोबर ना?

आता कल्पना करा, की तुमचा अलार्म म्हणजे एक हाडामांसाचा माणूस आहे. भल्या पहाटे तो खाली गल्लीत उभा आहे. हातात लांबलचक काठी, काठीच्या टोकाला तारा. त्या तारांनी तो तुमच्या बेडरूमच्या खिडकीची काच खरवडतोय आणि तुम्ही खिडकीत तोंड दाखवल्याशिवाय हलणार नाहीये. आणि या छळाबद्दल त्याला दर आठवड्याला चार पैसे तुम्हीच मोजताय!

इंग्लंडच्या लँकशायरमध्ये शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हा रीतसर धंदा होता. त्या माणसाला म्हणायचे 'नॉकर-अप'. बऱ्याचदा ती एखादी म्हातारी बाईही असायची. कारण गिरणी सुरू व्हायची सकाळी सहाला आणि उशीर झाला की फाटक बंद. मग न्याहारीच्या सुट्टीपर्यंत बाहेर ताटकळा आणि तेवढी मजुरी गमवा. आपलं स्वाइप कार्ड परवडलं म्हणायचं.

हे सगळं मला आठवायचं कारण म्हणजे माझे आजोबा. ते लालबागच्या एका गिरणीत साचाखात्यात होते. मला आठवतात ते जवळपास ठार बहिरे. आम्ही नातवंडं त्यांच्याशी ओठ फाकवून, हातवारे करत बोलायचो आणि ते बरोब्बर उत्तर द्यायचे. आम्हाला वाटायचं, आजोबा जादू करतात. परवा बर्नलीबद्दल वाचत होतो आणि त्या जादूचं नाव सापडलं.

बर्नली हे मँचेस्टरच्या उत्तरेचं एक गाव. पहिल्या महायुद्धाच्या आधी या गावात एक लाखाच्या आसपास माग होते. म्हणजे घराघरांतून कोणी ना कोणी विणकर. एकेका विणकराकडे साधारण चार माग आणि एकेका शेडमध्ये असे शेकडो माग एकाच वेळी धडधडणार. शेजारणीच्या कानात ओरडलं तरी तिला ऐकू जायचं नाही. मग या बायकांनी आपली भाषा शोधली. तोंडाची हालचाल मोठ्ठी करायची, जोडीला हात आणि भुवया. आवाज काढायचाच नाही. याला त्या 'मी-मॉइंग' म्हणायच्या. शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गॉसिप चालायचं, तेही मुकादमाच्या नाकासमोर! कुणाचं कुणाशी जमलंय, कुणाचा नवरा कुठे पिऊन पडलाय, सगळं. आपल्या ऑफिस चॅटची ही पणजी म्हणायला हरकत नाही.

फक्त तिची किंमत मोठी होती. कित्येक विणकरांचे कान चाळिशी-पन्नाशीपर्यंत गेलेले असायचे. बर्नलीजवळच्या हार्ल साइक इथे क्वीन स्ट्रीट मिल नावाची १८९४ची गिरणी म्युझियम म्हणून जपलेली आहे. तिथल्या मागांचा व्हिडिओ मी हेडफोन लावून ऐकला. अर्ध्या मिनिटात हेडफोन काढून ठेवले. आजोबांनी तो आवाज तीस वर्षं ऐकला होता.

कानांवरच भागायचं नाही. धोट्यात नवी कांडी भरली की सुताचं टोक छिद्रातून बाहेर काढायला विणकर धोट्याला तोंड लावून ते ओढून घ्यायचे. याला नाव मात्र रोमँटिक : 'किसिंग द शटल', धोट्याचं चुंबन! एकाच धोट्याला अनेकांची तोंडं लागायची, त्यातून आजार पसरायचे, कापसाची धूळ छातीत जायची आणि दात किडायचे. लँकशायरमध्ये या प्रकारावर बंदी आली ती थेट १९५२मध्ये.

पोरंही यातून सुटली नव्हती. बारा वर्षं पूर्ण झालेलं मूल अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत जायचं. पहाटेपासून राबलेलं पोर दुपारच्या वर्गात काय शिकणार? बाकावर डोकं टेकून झोपायचं. १९१८च्या शिक्षण कायद्याने ही 'हाफ टाइम' पद्धत मोडीत काढली. मजा म्हणजे, ती मोडायला विरोध करणाऱ्यांत खुद्द गिरणी कामगार आई-बापही होते. घरात येणारा पैसा कोण सोडणार?

पण हे गाव म्हणजे नुसता रडका सीन नव्हता हं. इथल्या बाईचं मला कौतुक वाटतं. विणकाम पीसरेटवर चालायचं आणि दर पुरुषाला नि बाईला एकच. इंग्लंडच्या बाकीच्या भागात लग्नानंतर बायका घरी बसत असताना इथे लग्न झालेल्या, पोरं असलेल्या बायका पगाराचं पाकीट घरी आणत होत्या. शिवाय घरासमोरची दगडी पायरी घासूनपुसून चकचकीत ठेवायची, नाहीतर गल्लीत नाक कापलं जायचं. पायरीवर फिरवायचा तो खास दगड भंगारवाला जुन्या चिंध्यांच्या बदल्यात द्यायचा. आपल्या बोहारणीचीच ही लँकशायरी आवृत्ती.

आणि दमून घरी आल्यावर स्वैपाक? कोपऱ्यावरचं फिश अँड चिप्सचं दुकान. घरचं भांडं घेऊन जायचं, भरून आणायचं. टेकअवेचा शोध आपल्या पिढीने लावला असा तुमचा समज असेल, तर सॉरी.

मग वीकेण्ड. तोही कोणी आपणहून दिलेला नाही. १८५०च्या फॅक्टरी कायद्याने शनिवारी दुपारी दोनला बायका आणि अल्पवयीन मुलांचं काम थांबवणं सक्तीचं झालं. गिरणीत बहुसंख्य तेच, त्यामुळे पुढे सगळी गिरणीच बंद व्हायला लागली. मग दुपारी पुरुषमंडळी करणार काय? फुटबॉल! बर्नलीचा क्लब १८८२चा. १९१४ला त्याने एफए कप जिंकला, तोही साक्षात राजा पंचम जॉर्ज मॅच बघायला बसलेला असताना. १९२०-२१च्या सीझनमध्ये सलग तीस लीग मॅचेस न हरता गाव इंग्लंडचं चॅम्पियन झालं. सोमवारी शेडमध्ये मी-मॉइंग कशावर चाललं असेल, सांगायला नको.

वर्षातून एकदा मोठी सुट्टी असायची. बर्नलीत ती जुलैत. सगळ्या गिरण्या एकदम बंद, चिमण्यांचा धूर थांबायचा आणि वर्षभर न दिसणारे आजूबाजूचे डोंगर दिसायला लागायचे. अख्खं गाव ट्रेनने ब्लॅकपूलच्या समुद्रावर. तिथेही शेजारी तेच, हे ओघाने आलंच. ही सुट्टी बिनपगारी होती, बरं का. त्यासाठी वर्षभर क्लबात आठवड्याला थोडे थोडे पैसे साठवायचे. आपल्या भिशीसारखं.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वर्ष १९१९. तोवर गिरणीचा आठवडा साडेपंचावन्न तासांचा होता. त्या उन्हाळ्यात लँकशायरचे लाखो सूतगिरणी कामगार संपावर गेले आणि आठवडा अठ्ठेचाळीस तासांवर आणून थांबले. साडेसात तास! दर आठवड्याला एक पूर्ण दिवस त्यांनी आयुष्यात परत आणला.

तो फार काळ लाभला नाही, ही गोष्ट वेगळी. १९१३मध्ये ब्रिटनने सुमारे ७ अब्ज यार्ड सुती कापड निर्यात केलं होतं, त्यातलं जवळपास ३ अब्ज एकट्या हिंदुस्थानात आलं. पुढच्या वीस वर्षांत हे गिऱ्हाईक हातचं गेलं. जपानचं स्वस्त कापड, मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या आणि वरून स्वदेशी. बर्नलीत मालक म्हणाले, चाराच्या जागी जास्त माग सांभाळा. त्यावरून १९३१-३२मध्ये टाळेबंदी आणि संप झाले. सप्टेंबर १९३१मध्ये गांधीजी मुद्दाम लँकशायरला, डार्वेनला गेले. ज्यांच्या पोटावर बहिष्काराने पाय आला होता, त्या गिरणीतल्या बायका त्यांच्याभोवती हसत, हात उंचावत उभ्या असलेला फोटो तुम्ही पाहिला असेल. आमच्या खेड्यांतली गरिबी तुमच्यापेक्षा कितीतरी मोठी आहे, हे गांधीजींनी त्यांना सरळ सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं.

क्वीन स्ट्रीट मिल बंद पडली मार्च १९८२मध्ये. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईतला गिरणी संप सुरू झाला होता. माझ्या आजोबांचा साचा तेव्हा थांबला, तो पुन्हा चाललाच नाही. इंग्लंडमध्ये गिरणीचं म्युझियम झालं. आपल्याकडे मॉल झाले, पब झाले, ऑफिसं झाली. माझं ऑफिस लोअर परळला अशाच एका जुन्या गिरणीच्या आवारात आहे. आजोबांना ते सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या ओठांकडे बघत एकच प्रश्न विचारला होता : "सुटतोस किती वाजता?"

मी हसून विषय बदलला होता. उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. रात्री साडेदहाला टेबलावर फोन थरथरतो, 'जस्ट अ स्मॉल चेंज' असा मेसेज येतो आणि मी लॅपटॉप उघडतो. आजोबांचा भोंगा निदान पाळी संपल्याचंही सांगायचा. आणि तो काठीवाला नॉकर-अप सकाळी एकदाच यायचा. रात्री खिडकीशी उभा राहायचा नाही.

आज शनिवार आहे. दुपारचे दोन वाजलेत. १८५०च्या कायद्याला स्मरून फोन बंद करतोय. काही अर्जंट असेल तर खाली गल्लीत या, काठी घेऊन.