बियाणे खाणाऱ्याला स्वातंत्र्य म्हणायचे का?



कोल्हारच्या बैठकीत समुद्राचा विषय कशाला, असे कोणीही विचारील. प्रवरेचा काठ सोडला, पाटाचे पाणी संपले, की आपले कपाशी-ज्वारीचे रान सुरू होते. आपला समुद्राशी संबंध काय?

संबंध आहे. कोकण किनाऱ्यावर आज जे भांडण चालू आहे ते आपल्या विहिरीचेच भांडण आहे.

भांडण असे. पर्ससीनचे जाळे माशांच्या थव्याला चारी बाजूंनी वेढते आणि खालून आवळले जाते. बांगड्याचा, तारलीचा अख्खा थवा एका खेपेत नावेवर येतो. त्यात रात्री प्रखर एलईडी दिवे लावले की मासा आपणहून जाळ्याकडे येतो. छोट्या होडीच्या कोळ्याला मग काय उरते? आणि पुढच्या वर्षी अंडी घालायला कोण उरते?

राज्यात सागरी मासेमारीचा कायदा १९८१ सालचा. पर्ससीनचे नवे परवाने बंद करायला आणि राज्याच्या हद्दीत ही मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच ठेवायला २०१६ साल उजाडले. एलईडीवर २०१७ मध्ये बंदी आली. दंड लाखांच्या घरात गेला तो २०२१ च्या दुरुस्तीने. २०२३ मध्ये सरंग्याला, म्हणजे पापलेटला, राज्यमाशाचा मान मिळाला आणि ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरली. त्याहून लहान मासा धरायचा नाही. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौका बंद असतात.

आता मोठ्या जाळ्याचे मालक म्हणतात, समुद्र सगळ्यांचा, आम्हाला बंदी का? नावेवर आमचेही कर्ज आहे. हे ऐकून आपल्यापैकी काहींना वाटेल की, बरोबर बोलतात. आपणही बंदीविरुद्धच लढलो. १९७२ पासून कापूस एकाधिकाराने आपल्याला राज्याबाहेर कापूस विकू दिला नाही. माल आमचा, विकू कोठेही, हे आपण सरकारला ठणकावून सांगितले.

पण दोन्ही गोष्टी एक नाहीत. कापूस आपण पेरतो, खुरपतो, वेचतो. त्याच्यावर हक्क घाम गाळणाऱ्याचा. समुद्रातला मासा कोणी पेरलेला नाही. न पेरलेले पीक काढणाऱ्याने निदान बी तरी राखले पाहिजे. दुष्काळात पोटाला चिमटा घेऊन ज्वारीचे बियाणे जपणारी माणसे आपण. बियाण्याचे पोते फोडण्याला आपल्या घरात कोणी स्वातंत्र्य म्हणत नाही.

आणि आपली विहीर? शेजाऱ्याने दोनशे फूट बोअर घेतला की आपण तीनशे घेतो. तो चारशेवर जातो. शेवटी दोघेही टँकरच्या रांगेत. ज्याच्याकडे पैसा तो खोल जातो, ज्याच्याकडे नाही त्याची विहीर आटते. एलईडीवाला आणि खोल बोअरवाला एकाच जातीचे. सरकारने २००९ च्या कायद्यात साठ मीटरची मर्यादा घातली. आपल्या शिवारात ती कोण मोजतो?

याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने मात्र वेगळे केले. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस लावायचा नाही, हे गावाने ठरवले. पाऊस मोजायचा, पाण्याचा हिशेब ग्रामसभेत मांडायचा आणि मग रब्बीला काय पेरायचे ते बोलायचे. पाऊस तिथेही आपल्याइतकाच बेताचा. तिथे नियम टिकला, कारण तो पाळणाऱ्यांनीच केला होता.

म्हणून आम्ही कोळ्यांच्या बंदीच्या बाजूने आहोत, पण सरकारच्या रीतीच्या बाजूने नाही. सरकारी बंदी बहुधा गरिबावर येऊन बसते. दोन महिने नाव किनाऱ्याला लागते तेव्हा खलाशाची चूल कशावर पेटते? हप्ता तर थांबत नाही. समाजाच्या भल्यासाठी ज्याला हात आवरायला सांगता, त्याच्या पोटाची सोय ही भीक नव्हे, ते त्याचे देणे आहे. बंदीचा बडगा आधी मोठ्या नौकांवर चालवा. पिल्ले विकत घेणारा बाजारच बंद करा. गिऱ्हाईक नसेल तर पिल्ले धरील कोण? आणि नियम ठरवताना मच्छीमार सोसायट्यांना, बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या कोळणींना विचारा. मासा किती घटला हे त्यांना कागदाआधी कळते.

कोळी बांधवांना हे सांगण्याआधी आपले अंगण झाडले पाहिजे. या बैठकीतून उठताना प्रत्येक गावाने एवढे ठरवावे: रब्बीच्या पेरणीआधी ग्रामसभेत पाण्याचा हिशेब मांडायचा, आणि नव्या बोअरची गाडी गावात आली तर शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय ती लावू द्यायची नाही.

आपण हे केले नाही, तर उद्या कोणीतरी मुंबईत बसून आपल्यासाठी नियम करील. तो कसा असतो, हे कापूसवाल्यांना सांगायला नको.