पहिल्या पानाचा पुळका

कंपनीची वेबसाइट नव्यानं करायची ठरली की सगळी चर्चा एकाच पानावर येऊन अडते, होमपेजवर. मोठा फोटो कोणता, त्यावर घोषवाक्य काय, निळा रंग किती गडद. चेअरमनसाहेबांचा संदेश वर घ्यायचा की जरा खाली, यात एक अख्खी दुपार जाते. तक्रार कुठे करायची, अडकलेल्या लाभांशासाठी कोणता फॉर्म भरायचा, पुरवठादारानं आपलं थकलेलं बिल कुठे पाहायचं, ही पानं ‘फेज टू’मध्ये ढकलली जातात. फेज टूचं बजेट पुढच्या वर्षी बघू, असं ठरतं. पुढच्या वर्षी नवा मार्केटिंग हेड येतो आणि त्याला होमपेज आवडत नाही.

हा प्रकार हसू येण्यासारखा असला तरी त्यामागचा विचार हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो आधी नीट मांडू, मग खोडू.

पूर्वपक्षाचं म्हणणं असं: माणूस वेबसाइटवर येतो तेव्हा कंपनीबद्दलचं त्याचं मत पापणी लवायच्या आत तयार होतं, म्हणून पैसा आणि बुद्धी त्या पहिल्या क्षणावर खर्च करावी. या म्हणण्याला पुरावेही आहेत. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठाच्या गिटे लिंडगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वेबपान फक्त ५० मिलिसेकंद दाखवलं, तरी त्याच्या देखणेपणाबद्दल लोकांनी दिलेला कौल अधिक वेळ पाहून दिलेल्या कौलाशी बराचसा जुळला. त्याआधी २००२ मध्ये स्टॅनफर्डच्या बी. जे. फॉग यांच्या चमूनं २,६८४ लोकांना वेबसाइटची विश्वासार्हता जोखायला सांगितलं होतं. त्यांच्या शेऱ्यांपैकी ४६.१ टक्के शेऱ्यांत साइट दिसते कशी याचा उल्लेख होता. आणखी मागे गेलं तर १९९५ मध्ये हिताचीच्या डिझाइन केंद्रातल्या दोन संशोधकांना आढळलं की एटीएमच्या पडद्याची जी मांडणी लोकांना देखणी वाटते, तीच त्यांना वापरायलाही सोपी वाटते. म्हणजे रूप हीच सोय, निदान तसं वाटतं तरी. एजन्सीच्या सादरीकरणातली दुसरी-तिसरी स्लाइड याच मालमसाल्यावर उभी असते.

हे पुरावे खोटे नाहीत. त्यांच्यावर जेवढं ओझं टाकलंय तेवढं मात्र ते पेलत नाहीत. ५० मिलिसेकंदांच्या प्रयोगात विचारलं होतं ते पान देखणं आहे का; या कंपनीकडे पैसे ठेवाल का, असं कोणी विचारलंच नव्हतं. हिताचीच्या अभ्यासात मोजलं ते ‘सोपं वाटणं’. आणि स्टॅनफर्डच्या आकड्याचं एक भावंड आहे, ते सादरीकरणात कधी येत नाही. त्याच वेळी आरोग्य आणि अर्थ या क्षेत्रांतल्या जाणकारांवर एक जोड-अभ्यास झाला होता. त्यांच्या शेऱ्यांत दिसण्याचं वजन कितीतरी कमी भरलं. माहिती कोणाकडून आली, ती पुरी आहे का, याकडे त्यांनी पाहिलं. विषयातलं कळणारा माणूस रंगावर फार रेंगाळत नाही, एवढं तरी यातून निघतं.

आता कंपनीच्या पोर्टलवर येतो कोण? नवखा, कुतूहलानं डोकावणारा पाहुणा? तोही येतो. पण बहुतेक माणसं कंपनीशी आधीच बांधलेली असतात: भागधारक, विमाधारक, डीलर, कंत्राटदार, नोकरीचा अर्ज केलेला मुलगा, बंद पडलेल्या पंपाचा ग्राहक. त्यांना कंपनीची पहिली ओळख करून घ्यायची नसते, अडलेलं काम उरकायचं असतं. त्यातले कित्येक गूगलवर शोधून थेट आतल्या कुठल्यातरी पानावर उतरतात. ज्या पानासाठी दुपार खर्ची पडली, ते त्यांना दिसतही नाही.

होमपेजवर फिरणारी चित्रपट्टी हा या पुळक्याचा सर्वांत उघडा नमुना. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठानं आपल्या पट्टीवरच्या क्लिक मोजल्या होत्या. तिच्यावर क्लिक करणारे पाहुणे होते एक टक्क्याच्या आसपास, आणि त्या क्लिकपैकी ८० टक्क्यांहून अधिक पहिल्याच चित्रावर. तरी पट्टी जात नाही, कारण ती वाचकासाठी नसतेच. तिनं कंपनीतला तंटा मिटतो. एचआरला एक चित्र, सीएसआरला एक, निर्यात विभागाला एक. कोणी रुसायला नको. संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवलं होतं की संस्था जी प्रणाली घडवते, तिच्यात त्या संस्थेतल्या आपसातल्या बोलण्याचीच रचना उतरते. कंपनीचा मेनू वाचा, तिथले सुभे आणि सुभेदार कळतील.

रूपावर भर देऊन आपटल्याची उदाहरणंही हाताशी आहेत. लंडनची कपडे विकणारी साइट बू डॉट कॉम नोव्हेंबर १९९९ मध्ये थाटात उघडली. कपडे फिरवून दाखवणारी चित्रं, ‘मिस बू’ नावाची बोलकी बाहुली, आणि हे सगळं अशा काळात की बहुतेक घरांत फोनच्या तारेवरचा मोडेम कुरकुरत होता. सुमारे साडेतेरा कोटी डॉलर संपवून मे २००० मध्ये तिला टाळं लागलं. ती पोरवयातली चूक म्हणून सोडून देऊ. पण ब्रिटनची दुकानसाखळी मार्क्स अँड स्पेन्सर काही पोरवयाची नव्हती. ॲमेझॉनच्या यंत्रणेवर चालणारी आपली साइट सोडून तिनं १५ कोटी पौंड खर्चून स्वतःची साइट उभारली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये उघडली. मासिकासारखी मांडणी, भरपूर संपादकीय मजकूर. जुन्या ग्राहकांना मात्र पुन्हा नोंदणी करायला लावली. उन्हाळ्यात आलेल्या तिमाही आकड्यांत ऑनलाइन विक्री ८.१ टक्क्यांनी उतरलेली होती. वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकाला ‘तुम्ही कोण?’ असं विचारणं हीसुद्धा ब्रँडिंगचीच कृती आहे. ती ब्रँडच्या पुस्तिकेत कुठे लिहिलेली नसते, एवढंच.

इथे दुसरा पक्ष टाळ्या वाजवत उभा राहतो. त्याचं म्हणणं, बघा, आम्ही सांगतच होतो, ब्रँडिंग म्हणजे नुसता शेंदूर. काढून टाका, कोरा मजकूर ठेवा. दाखला ठरलेला असतो, बर्कशायर हॅथवेचा. जगातल्या बड्या कंपन्यांपैकी एक, आणि वेबसाइट म्हणजे एका पानावर दोन रांगांत मांडलेल्या साध्या लिंका. कुणाचं काही अडत नाही.

अभियंत्यांना हा पक्ष फार आवडतो, आणि मला तो पहिल्यापेक्षा थोडा जास्त घातक वाटतो, कारण त्याला साधेपणाचं पुण्य लाभलेलं असतं. बर्कशायरचं ते पान चालतं ते तिचे दीर्घकाळचे प्रमुख वॉरन बफे यांच्या पत्रांवर. भागधारकांशी दशकानुदशकं सरळ भाषेत बोललेल्या माणसाला पडद्यावर सजावट लागत नाही. पत्रं नसलेल्या कंपनीनं पान तेवढं उचललं तर हाती उरतो नुसता ओकेबोकेपणा. शिवाय ओळखीची खूण पुसण्याची चैन भारतातल्या कंपनीला परवडणारी नाही. बँकेचा ‘कस्टमर केअर’ म्हणून खोटा नंबर आणि खोटं पान पुढे येतं, त्यात माणसं आयुष्याची पुंजी घालवतात. रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबरपर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर जायला सांगितलं आणि ते पत्ते देण्याचं काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे ठेवलं, ते याचसाठी. लोगो कोणीही चोरू शकतो. रंग, फोटो, घोषवाक्य, सगळं दहा मिनिटांत उतरवता येतं. पत्ता उतरवता येत नाही. कंपनीच्या ओळखीतला नक्कल न होणारा भाग कोणता, असं विचारलं तर उत्तर ब्रँड पुस्तिकेच्या पहिल्या प्रकरणात सापडत नाही. ते पत्त्याच्या पट्टीत सापडतं.

आणि कंपन्या त्या पट्टीची काय दैना करतात! नोकरीचा अर्ज एका भलत्याच पत्त्यावर, स्पर्धा दुसऱ्यावर, ग्राहकांचं मत विचारणारी लिंक तिसऱ्यावर, भागधारकाला तर थेट आरटीएच्या, म्हणजे शेअरची नोंद ठेवणाऱ्या बाहेरच्या एजन्सीच्या, साइटवर सोडून देतात, जिथे कंपनीचं नाव एका लांबलचक यादीत शोधायचं. अनोळखी पत्त्यावर बेधडक माहिती भरायची सवय ग्राहकाला आधी आपणच लावायची आणि मग ‘सावध राहा’ म्हणून एसएमएस पाठवायचे.

आता माझा पक्ष. कंपनीच्या पोर्टलपुरतं तरी ब्रँडिंग आणि वापराचा अनुभव ही दोन कामं नाहीत, त्यांचे दोन विभाग नसावेत, आणि ब्रँड सांभाळणाऱ्यानं आधी आतली, अडचणीची पानं हातात घ्यावीत. घोषवाक्यात ‘विश्वास’ लिहिणारा माणूस आणि तक्रारीचं पान मंजूर करणारा माणूस एकच असावा.

सर्वांत स्पष्ट कसोटी भागधारकाचं पान. आपल्याकडे कित्येक घरांत आजोबांनी घेतलेली शेअर सर्टिफिकेटं ट्रंकेत पडून आहेत. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरचं हस्तांतर बंद झालं. लाभांश ७ वर्षं न उचलल्यास तो, आणि सलग ७ वर्षं कोणताच लाभांश न उचलल्यास शेअरही, सरकारच्या आयईपीएफ निधीत जातो. कंपनी कायद्याचं कलम १२४ सांगतं की न उचललेल्या लाभांशाची नावनिशीवार यादी कंपनीनं आपल्या वेबसाइटवर ठेवावी. सेबीच्या २०१५ च्या लिस्टिंग नियमांतला विनियम ४६ सांगतो की गुंतवणूकदारांच्या तक्रारीसाठी ई-मेल आणि जबाबदार अधिकाऱ्यांचा संपर्क साइटवर हवा. कंपन्या हे सगळं करतात. यादी असते, पण कित्येकदा स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये, म्हणजे नाव टाइप करून शोधता येत नाही. ती असते ‘इन्व्हेस्टर्स’, त्याखाली ‘गव्हर्नन्स’, त्याखाली ‘अदर डिस्क्लोजर्स’ अशा तिसऱ्या-चौथ्या तळघरात. केवायसीसाठी आयएसआर-१, सही जुळत नसेल तर आयएसआर-२, नामनिर्देशनाला एसएच-१३, निधीतून परत मिळवायला आयईपीएफ-५: फॉर्म सगळे हजर, पण वडील गेलेत आणि हातात फक्त फोलिओ नंबर आहे, अशा माणसानं कुठून सुरुवात करायची, हे चार ओळींत सांगणारं पान विरळा. नियम पाळला गेला, माणूस तिथेच राहिला. त्या घरातल्या चार माणसांचं त्या कंपनीबद्दल जे मत बनतं, त्यापुढे होमपेजवरच्या सूर्योदयाची काय मातब्बरी?

मराठीचंही असंच. ‘मराठी’ असं बटण असतं, दाबलं की घोषवाक्य मराठीत येतं, आणि फॉर्म उघडला की पुन्हा इंग्रजी. जिथे भाषेची गरज सर्वांत जास्त, तिथेच ती संपते. त्यातही लिपी हिंदी वळणाची, ल आणि श परके. वास्तविक मराठी वळणाची अक्षरं दाखवायची सोय तंत्रात कधीपासून आहे. मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ हा टंक रचणारे र. कृ. जोशी कवी होते आणि ‘उल्का’ या जाहिरात संस्थेत त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं होतं. जाहिरातीतल्या माणसाला वाचकाच्या डोळ्यांची पडलेली असू शकते, हे मुंबईत तरी नव्यानं सिद्ध करायची गरज नाही.

रूप आणि उपयोग एकत्र नांदतात याचा मोठा दाखला म्हणजे ब्रिटन सरकारचं पोर्टल, गव्ह डॉट यूके. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये ते सुरू झालं, लोकांची कामं आधी आणि खात्यांची नावं मागे, अशा हिशेबानं. अक्षरं मार्गारेट कॅल्व्हर्ट यांची, रस्त्यावरच्या पाट्यांसाठी केलेल्या अक्षरवळणावर बेतलेली. २०१३ मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमनं त्याला वर्षातलं सर्वोत्तम डिझाइन ठरवलं. ना फिरती पट्टी, ना घोषवाक्य, तरी कुठलंही पान उघडलं की कोणाचं आहे ते लगेच कळतं.

‘ते सरकार आहे, त्याला स्पर्धा नाही,’ हा त्यावरचा नेहमीचा आक्षेप. मान्य. पण ज्याचा लाभांश तुमच्याकडे अडकलाय, तो कोणत्या स्पर्धकाकडे जाणार? पॉलिसीचा दावा दुसऱ्या विमा कंपनीत करता येतो का? पोर्टलवरच्या निम्म्याअधिक कामांत गिऱ्हाईक पुरतं तुमच्या ताब्यात असतं. आणि ताब्यातल्या माणसाशी कसं वागता, त्याचीच गावात चर्चा होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या मांडणीचे १३ प्रकार ठरवून त्यांवर बंदी घातली. सदस्यत्व सोडायचं बटण दडवणं, नकार देणाऱ्याला लाजवणारी वाक्यं लिहिणं, हे त्यांत आहे. ही पानंही कोणीतरी डिझाइन केलेली असतात, ब्रँडच्या रंगात, ब्रँडच्या अक्षरांत.

दृष्टिहीनांचा प्रश्न तर आता मर्जीवर राहिलेला नाही. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. प्रकरण होतं ई-केवायसीचं, जिथे जिवंतपणाचा पुरावा म्हणून पापण्या मिटून दाखवायच्या असतात. पांढऱ्यावर फिकट राखाडी मजकूर ‘प्रीमियम’ दिसतो म्हणून ठेवणाऱ्या कंपन्यांनी निदान मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांतल्या तफावतीचं ४.५ ला १ हे सर्वमान्य प्रमाण तरी तपासून पाहावं.

खर्चाचा मुद्दा येईलच, म्हणून एक सूचना. एजन्सीच्या कंत्राटातला शेवटचा हप्ता होमपेजच्या सादरीकरणाला जोडू नका. साठीपुढचे काही भागधारक, दोन डीलर आणि स्क्रीन रीडर वापरणारा एक ग्राहक बोलवा, त्यांना आपापलं काम द्या आणि बाजूला बसून बघा, मध्ये बोलू नका. काम पुरं होऊन पावती मिळाली, तर हप्ता द्या. एजन्सी म्हणेल, आमच्याकडे फक्त बाहेरचं काम आहे, आतलं तुमच्या आयटीकडे. तसं असेल तर बिलावर ‘एक्सपीरियन्स डिझाइन’ न लिहिता ‘रंगकाम’ लिहावं, आणि दरही रंगकामाचाच लावावा.