शेजारी कोण, हे स्विचलाच विचारा

नेटवर्कचा नकाशा मागितला की बहुतेक कार्यालयांत रॅकच्या दारावर चिकटवलेला लॅमिनेटेड कागद दाखवतात. रॅक बसवला त्या दिवशी तो बरोबर असतो. पुढे जळालेल्या पोर्टमधली केबल कोणी शेजारच्या पोर्टमध्ये घालतं, दुसऱ्या मजल्यावर आणखी एक स्विच चढतो, एएमसीवाला बदलतो. कागद तसाच राहतो. मग रात्री लेखा विभागाचं नेटवर्क बसलं की ड्युटीवरचा मुलगा टॉर्च तोंडात धरून एकेक केबल ओढून पाहतो. हा त्रास वाचवणारी सोय जवळपास प्रत्येक मॅनेज्ड स्विचमध्ये असते, तिला वेगळा पैसा पडत नाही, आणि तरी ती बंद आढळते. याची मला मनापासून चीड येते.

ही सोय म्हणजे एलएलडीपी. सिस्कोचा सीडीपी त्याच्या आधीपासून होता, पण तो त्या घराण्यापुरता. २००५ साली आयईईईने ८०२.१एबी हे सगळ्या कंपन्यांसाठीचं मानक आणलं. त्याप्रमाणे स्विच प्रत्येक चालू पोर्टमधून साधारण दर ३० सेकंदांनी एक लहानशी फ्रेम सोडतो: मी कोण, हे माझं कोणतं पोर्ट, आणि ही माहिती किती वेळ खरी धरायची. ही मुदत सहसा १२० सेकंदांची. तेवढ्यात नवी फ्रेम आली नाही, की पलीकडचा स्विच ती नोंद पुसून टाकतो. पोच नाही, प्रश्नोत्तर नाही. नियमाने चालणारा स्विच ही फ्रेम पुढे ढकलत नाही, म्हणून तक्त्यात दिसतो तो केबलच्या दुसऱ्या टोकालाच असलेला शेजारी. स्वस्तातले अनमॅनेज्ड स्विच मात्र तिला कित्येकदा पुढे जाऊ देतात. एकाच पोर्टवर दोन-तीन शेजारी दिसू लागले, तर मध्ये कोणी गुपचूप असा डबा लावला आहे का, ते आधी बघावं.

सिस्कोच्या अनेक स्विचवर सीडीपी आपोआप चालू असतो, एलएलडीपी नसतो. ‘एलएलडीपी रन’ ही एक कमांड द्यावी लागते. मग ‘शो एलएलडीपी नेबर्स’ म्हटलं की तक्ता येतो. पण इथेच खरी हेळसांड दिसते. प्रत्येक स्विचचं नाव कारखान्यातून आलेलं, नुसतं ‘स्विच’. तक्त्यात पाच शेजारी आणि पाचही ‘स्विच’, तर त्याचा उपयोग काय? आधी नावं द्या: इमारत, मजला, रॅक. अपलिंकच्या पोर्टला वर्णन लिहा. ही पंधरा मिनिटांची मेहनत वाचवून लोक पुढे रात्रीच्या रात्री घालवतात.

फोन आणि अ‍ॅक्सेस पॉइंट असतील तर प्रश्न नकाशापुरता उरत नाही. २००६च्या एलएलडीपी-मेड या जोडमानकामुळे आयपी फोनला आवाजाचा व्हीलॅन स्विचकडूनच कळतो, हाताने भरावा लागत नाही. विजेचंही तसंच. पीओईवर चालणारा अ‍ॅक्सेस पॉइंट याच मार्गाने किती वॅट हवेत ते सांगतो, अगदी दशांश वॅटच्या हिशोबात. ही बोलणी होऊ दिली नाहीत, तर काही अ‍ॅक्सेस पॉइंट कमी विजेवर चालतात आणि आपले रेडिओ मंद करतात. मग वायफायला शिव्या बसतात.

सुरक्षा ऑडिटवाले म्हणतात, सरसकट बंद करा. त्यांची भीती खरी आहे. या फ्रेमवर ना कुलूप ना सही. मॉडेल, सॉफ्टवेअरची आवृत्ती, मॅनेजमेंटचा पत्ता, सगळं उघड जातं. २०२० साली आर्मिस कंपनीने सीडीपी हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या पाच त्रुटी जाहीर केल्या, तेव्हा नुसती फ्रेम स्वीकारणंही धोक्याचं ठरू शकतं हे दिसलं. पण त्यावर सरसकट बंदी हा आळशी उपाय आहे. निर्णय पोर्टनिहाय घ्यायला हवा. इंटरनेटवाल्याची लाइन, सभागृहातली भिंतीवरची सॉकेट, पाहुण्यांची खोली: तिथे ‘नो एलएलडीपी ट्रान्समिट’ आणि ‘नो एलएलडीपी रिसीव्ह’, दोन्ही. सीडीपीही तिथून काढा. एक बंद करून दुसरा विसरणं फार सर्रास घडतं. फोनच्या पोर्टवर एलएलडीपी लागणारच, तिथे स्विच मुभा देत असेल तर मॅनेजमेंटचा पत्ता गाळा. स्विच ते स्विच अपलिंकवर मात्र एलएलडीपी चालूच राहिला पाहिजे, यावर मी तडजोड करणार नाही.

आणि नवं काम स्वीकारताना कंत्राटदाराकडून प्रत्येक स्विचचा शेजाऱ्यांचा तक्ता मागा. तो ड्रॉइंगशी ताडून पाहा, कॉन्फिगरेशन सेव्ह झालंय का ते एकदा रीस्टार्ट करून बघा, मगच बिलावर सही करा.