राणीच्या बागेत झाडेही आहेत

दिवाळीची सुटी लागली की आमच्याकडे पाहुणे येतात. कोणी नागपूरचे, कोणी सांगलीचे. चकल्यांचे डबे घेऊन येणाऱ्या माणसांविरुद्ध लिहिणे म्हणजे खाल्ल्या मिठाला न जागणे, हे मला कळते. पण चार दिवसांत मुंबई उरकण्याची त्यांची जी रीत आहे, तिच्याविरुद्ध कोणीतरी बोललेच पाहिजे.

संध्याकाळी मंडळी परतली की मी विचारतो, "राणीच्या बागेत काय पाहिलंत?" मुले ओरडतात, "पेंग्विन!" वडील म्हणतात, "रांग." आई बिचारी काहीच बोलत नाही, ती दिवसभर पिशव्या सांभाळत असते.

पेंग्विनांशी माझे वैर नाही. २०१६ साली ते इथे आले, तेही काही स्वखुशीने नव्हे. माझे भांडण पाहणाऱ्यांशी आहे. ही बाग १८६२ साली उघडली ती वनस्पतींची बाग म्हणून. जनावरे मागाहून आली. म्हणजे घरधनी झाडे, आणि आपण पाहुण्यांना भेटून घरधन्याला नमस्कारही न करता निघतो!

तिथे कैलासपती आहे. त्याची फुले फांदीच्या टोकाला येत नाहीत, थेट खोडातून फुटतात. फुलाच्या आत नागाच्या फण्याखाली पिंड असावी तसा आकार. आजी बरोबर असेल तर ती हात जोडल्यावाचून पुढे सरकणार नाही. आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच आहे. तिच्या बुंध्याला कवेत घ्यायला सारे बिऱ्हाड हातांत हात धरून उभे करावे. आणि ब्रह्मदेशची उर्वशी! तिचे लाल झुंबर एकदा बहरात पाहावे, म्हणजे हे नाव ठेवणाऱ्याच्या रसिकतेला दाद द्यावीशी वाटते. बाहेर, भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ, घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. त्याच्यासमोर उभे राहून मात्र सगळे फोटो काढतात. दगडाचे भाग्य!

यावर उत्तर ठरलेले असते : "झाडं काय, आमच्या गावाकडेही आहेत." असतील. पण तिथे तरी कोणते झाड कोणते, हे मुलाला कोणी सांगितले आहे का? मी एका चिरंजीवांना समोरचे झाड विचारले. ते म्हणाले, "हिरवं." वडील कौतुकाने हसले.

हसण्यासारखी गोष्ट नाही ही. ज्याचे नाव ठाऊक नाही ते उद्या तोडले तर कोणाच्या घशाला कोरड पडणार? २००७ साली या बागेचा कायापालट करण्याचा मोठा आराखडा पुढे आला, तेव्हा जुन्या झाडांसाठी मूठभर नागरिक उभे राहिले. त्यांत बायका पुढे होत्या. एकेका झाडाला त्या नावाने ओळखत होत्या, म्हणूनच भांडू शकल्या. पेंग्विनच्या काचेला नाक लावून परत गेलेल्या लाखोंपैकी कितीजण तसे भांडले असते?

तेव्हा यंदा पाहुण्यांना मीच घेऊन जाणार आहे. सकाळी, ऊन चढायच्या आत. आधी कैलासपती, मग गोरखचिंच, आणि पेंग्विन शेवटी, रांग लहान असली तर. एवढे मात्र ध्यानात ठेवावे, बुधवारी जाऊ नये. बाग बंद असते.