सांगणाऱ्याचे नावही लिहा

पैठणला संतकथांची वाण कधीच पडली नाही. ज्ञानदेवांनी रेड्यामुखी वेद वदवले ते इथेच. संत एकनाथांघरी श्रीखंड्याने पाणी भरले तेही इथेच. याच पैठणात तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी वावरले, तसेच वेरूळच्या लेण्यांतही मुक्कामाला राहिले. गुजरातच्या हरपाळदेवाच्या चितेवरच्या देहात सत्पुरुष चांगदेव राऊळांनी प्रवेश केला आणि तेच पुढे चक्रधर झाले, असे महानुभाव परंपरा मानते. पण स्वामींची आठवण एवढ्या एका चमत्कारावर टिकलेली नाही. ती टिकली त्यांचे भक्त म्हाइंभट यांच्या कष्टांमुळे.

1274 च्या सुमारास स्वामी उत्तरापंथे, म्हणजे उत्तरेकडे निघून गेले. त्यानंतर म्हाइंभटांनी स्वामींना पाहिलेली, ऐकलेली माणसे गाठली, त्यांच्याकडून लीळा, म्हणजे स्वामींच्या आठवणी मिळवल्या आणि स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून त्या पडताळून घेतल्या. म्हणूनच त्यांतून झालेल्या ‘लीळाचरित्र’ या ग्रंथात स्वामी चालतात, जेवतात, रागावतात, समजूत घालतात, बाइसा, महदाइसा या शिष्या त्यांना निःसंकोच प्रश्न विचारतात. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली. जिथे आठवणी जुळल्या नाहीत तिथे ओढूनताणून एकवाक्यता केली नाही. हिराइसांचा पाठ, परशरामबासांचा पाठ अशी नावानिशी नोंद ठेवली.

असे भाग्य सगळ्या संतांच्या वाट्याला आले नाही. वेल्समधले संत डेव्हिड सहाव्या शतकातले. त्यांचे उपलब्ध असलेले पहिले सविस्तर चरित्र अकराव्या शतकाच्या अखेरीचे. उपदेश करताना त्यांच्या पायाखालची जमीन उंचावली, ही कथा त्यात आहे. पण त्यांचा आवाज ऐकलेले कोणीही तेव्हा हयात नव्हते. आपल्याकडे साक्षीदार होते आणि त्यांना विचारणारा भक्तही होता.

आज मात्र संतांच्या नावे वाटेल ते वाक्य मोबाइलवर फिरते. कोणी सांगितले, कुठे लिहिले आहे, हे कोणी विचारत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाने आणि रिद्धपूरच्या मराठी भाषा विद्यापीठाने एकनाथांच्या नाथषष्ठीला पैठणात विद्यार्थी पाठवावेत. वृद्ध कीर्तनकार, वारकरी, महानुभाव साधक यांच्याकडच्या कथा सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख यांसह टिपून घ्याव्यात. दोन कथा जुळल्या नाहीत, तर दोन्ही ठेवाव्यात. याने श्रद्धेला धक्का लागत नाही. म्हाइंभट स्वतः भक्तच होते. ज्याच्यावर निष्ठा आहे त्याच्या तोंडी न बोललेला शब्द घालायचा नाही, ही भक्तीचीच मर्यादा आहे.