विमान रद्द करा, प्रवाशाला वाऱ्यावर सोडू नका

जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून थेट बंगळुरूला विमान आणलं, तेव्हा देशभर टाळ्या वाजल्या. तीच थेट सेवा एअर इंडियाने मार्च २०२६ पासून गुंडाळली, मुंबई–सॅन फ्रान्सिस्कोचीही. लांब पल्ल्याच्या विमानांची चणचण, एप्रिल २०२५ पासून बंद असलेली पाकिस्तानची हवाई हद्द, इंधनाचा खर्च... कंपनीच्या अडचणी खऱ्याच आहेत. पण अशा वेळी पर्याय शोधण्याचं ओझं कोणी वाहायचं?

१. हे ओझं सर्वांत जास्त पडतं ते अमेरिकेत मुलं असलेल्या आईवडिलांवर. बेळगावहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून बंगळुरूला यायचं, तिथे विमानात बसायचं ते थेट नातवंडांच्या गावी उतरायचं, हा हिशेब सत्तरीतल्या माणसालाही जमत होता. आता मध्येच दिल्ली नाहीतर दुबई. पुन्हा सुरक्षा तपासणी, पुन्हा व्हीलचेअरची वाट पाहणं, आणि गेट बदलल्याची घोषणा कानावर पडली तर पडली. ‘फक्त एक थांबा वाढला’ असं म्हणणाऱ्याने एकदा गुडघेदुखी घेऊन हा प्रवास करून पाहावा.

२. आपला नियम तोकडा आहे. दोन आठवडे आधी कळवलं की विमान वाहतूक नियामक डीजीसीएच्या लेखी भरपाईचा प्रश्न मिटतो. न कळवता रद्द केलं तरी जास्तीत जास्त दहा हजार रुपये. एकेरी मूळ भाडं आणि इंधन आकार मिळून त्याहून कमी होत असेल, तर तेवढंच. यातला सर्वांत वरचा टप्पा दोन तासांपुढच्या उड्डाणांचा. म्हणजे बंगळुरू–दिल्ली आणि बंगळुरू–सॅन फ्रान्सिस्को एकाच मापात! युरोपातही दोन आठवड्यांची सवलत आहे, पण साडेतीन हजार किलोमीटरपुढे भरपाई ६०० युरोपर्यंत जाते. मार्ग कायमचा बंद करायचा तर किमान ९० दिवसांची सूचना द्या, नाहीतर नव्या तिकिटातला फरक कंपनीने भरा, ही मागणी अवाजवी नाही.

३. ‘पर्याय’ कशाला म्हणायचं, हेही ठरवा. मोबाइलवर संदेश येतो, तुमचं तिकीट दिल्लीमार्गे केलं आहे, खाली ‘स्वीकारा’चं बटण. अमेरिकेच्या २०२४ च्या नियमानुसार थांबे वाढले तर तो मोठा बदल ठरतो आणि तो नाकारणाऱ्याला पूर्ण पैसे परत मिळतात; अमेरिकेला जाणाऱ्या भारतीय कंपन्यांनाही हे लागू आहे. पण नुसत्या परताव्याने काय होणार? तीन महिन्यांपूर्वीच्या भावात आज तिकीट मिळत नाही. दुसऱ्या कंपनीच्या विमानात जागा करून देणं सक्तीचं हवं.

४. तोवर आपण काय करायचं? घाईने ‘स्वीकारा’ दाबू नका, स्वतःहून तिकीट रद्दही करू नका. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर (आरक्षण क्रमांकावर) घ्या. दोन सुटी तिकिटं स्वस्त पडतात, पण पहिलं विमान रखडलं की दुसरं तिकीट पाण्यात. बंगळुरूहून फ्रँकफर्ट, ॲमस्टरडॅम, पॅरिस, लंडन, सिंगापूर, टोकियो असे रस्ते आहेत. अबू धाबीमार्गे एतिहादने गेलात तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं. मात्र आखातावरच भिस्त ठेवू नका. जून २०२५ मध्ये कतारने अचानक हवाई हद्द बंद केली होती. ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे पैसे भरण्याआधी पाहा.

५. आता कर्नाटक सरकार आणि बंगळुरू विमानतळ कंपनीकडे वळू. अमेरिकन एअरलाइन्सने २०२० मध्ये सिॲटल–बंगळुरूची घोषणा केली, युनायटेडनेही सॅन फ्रान्सिस्कोची. दोन्ही विमानं उडालीच नाहीत. भारत–अमेरिका हवाई करार २००५ पासून खुला आहे, त्यामुळे दुबईसोबतच्या करारासारखी आसनांची मर्यादा इथे आड येत नाही. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली आणि तिचा बंगळुरू–ॲमस्टरडॅम मार्ग त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर केएलएमने उचलला. प्रवासी होते, म्हणून कंपनी आली. सॅन फ्रान्सिस्कोला तर ते आहेतच; त्यांच्यासाठी दुसरी कंपनी गाठणं हे सरकार आणि विमानतळ कंपनीचं काम.

६. शेवटी पुन्हा प्रवाशाच्या पैशांकडे. एजंटकडून तिकीट काढलं असलं, तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच, असं डीजीसीएचा नियम सांगतो. टोलवाटोलवी झाली तर कंपनीकडे परतावा लेखी मागा, उत्तर नाही आलं तर ‘एअरसेवा’ पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा.