कसब्याच्या गल्ल्या व पुणेकरांची प्रकृती

ता. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालयापासून स्वारगेटपर्यंतची भुयारी मेट्रो सुरू झाली आणि पुण्याच्या सर्वांत जुन्या पेठेच्या पोटातून गाडी धावू लागली. जिजाबाई व बाल शिवाजी यांच्या वास्तव्यासाठी जेथे लाल महाल उभा राहिला, त्या कसब्याच्या नावाचे स्टेशन आज जमिनीखाली आहे. याचा आम्हांस आनंदच वाटतो. यंत्र आले की धर्म बुडाला असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. परंतु सरकत्या जिन्याने वर आलेल्या मनुष्यास पुढे काय भेटते, याची चौकशी कोणी केली आहे काय? पंधरा-वीस फुटांची गल्ली, तिच्या दोन्ही कडांस उभ्या केलेल्या दुचाक्या, उरलेल्या जागेत समोरासमोर अडलेल्या दोन रिक्षा, आणि या सर्वांच्या मधून हातात भाजीची पिशवी घेऊन अंग चोरून जाणारी एखादी म्हातारी. भुयार खणण्यास सरकारपाशी पैसा होता. भुयाराच्या तोंडापासून घराच्या उंबऱ्यापर्यंत माणसाने कसे जावे, याचा विचार करण्यास मात्र कोणास सवड झाली नाही.

हा प्रश्न केवळ सोयीचा असता तर आम्ही त्यावर एवढी शाई खर्च केली नसती. तो प्रकृतीचा प्रश्न आहे. १९५३ साली जेरी मॉरिस नावाच्या ब्रिटिश वैद्याने लंडनच्या दुमजली बसवरील नोकरांची तुलना प्रसिद्ध केली. ड्रायव्हर दिवसभर बसून असे. कंडक्टर दिवसभर जिने चढे-उतरे. धनी एक, गाडी एक. तरी हृदयविकार ड्रायव्हरांत अधिक व कंडक्टरांत कमी आढळला. तालमीत न जाताही नित्याच्या हालचालीने काया राखली जाते, ही गोष्ट त्या दिवसापासून शास्त्रात रुजू झाली. आमच्या लोकांस तर तिचे महत्त्व अधिकच आहे. कसब्यापासून फार लांब नसलेल्या रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली एक इंग्रज सहकारी व आपण स्वतः अशा दोघांची मापे जगापुढे मांडली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु इंग्रजाच्या शरीरात चरबी शेकडा ९.१ तर आमच्या पुणेकर डॉक्टरांच्या शरीरात शेकडा २१.२! म्हणजे दिसावयास सडपातळ आणि आतून मेदाने भरलेला, असा हा हिंदी देह आहे. मधुमेहास तो लवकर बळी पडतो, आणि ज्यास चालण्याची गरज सर्वांत अधिक, त्याच्याच पायाखालचा रस्ता आम्ही काढून घेतला आहे.

आठवड्यास निदान दीडशे मिनिटे अंगाला श्रम व्हावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याच संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणे आपल्या देशातील प्रौढांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या अंगाला पुरेसे श्रम होत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण शेकडा ४२, तर स्त्रियांत ५७. या शेवटच्या आकड्यावर आमच्या सुशिक्षित वाचकांनी क्षणभर थांबावे. स्त्रिया आळशी आहेत असे म्हणण्याचे धैर्य, त्यांना पहाटेपासून राबताना पाहणारा कोणता पुरुष करील? घरकामाने शरीर थकते, पण त्याला मोकळे चालणे मिळत नाही. आणि बाहेर पडावे तर ज्या रस्त्यावर धक्के खावे लागतात, हॉर्नने कान किटतात, धुराने छाती भरते, तेथे विनाकारण कोण जाईल? उंच इमारतींमधील चिंचोळ्या गल्लीतून धूर वर निघून जात नाही, तो तेथेच रेंगाळतो, हे सांगण्यास शास्त्रज्ञाचीही गरज नाही.

जुन्या कसब्याची रचना पाहिली तर चालणे हा तेथे उपदेशाचा विषयच नव्हता. तांबट आळीत तांब्याची भांडी घडत, कुंभारवाड्यात मडकी भाजत. काम व बिऱ्हाड एकमेकांस लागून. देऊळ, वैद्य, वाणी, सारे हाकेच्या अंतरावर. ओट्यावर बसलेल्या माणसाची नजर रस्त्यावर असे, म्हणून पोर एकटे खेळू शके. परंतु येथे आम्ही आमच्या पुराणप्रिय मित्रांस सावध करू इच्छितो. त्याच वाड्यांच्या अंधाऱ्या, ओल धरलेल्या खोल्यांतून १८९६-९७ च्या प्लेगने माणसे ओढून नेली. रँडसाहेबाच्या सोजिरांनी घरे तपासण्याच्या नावाखाली जो जुलूम केला त्याचा निषेध या शहराने केला, तो योग्यच होता. पण घर, गटार व रस्ता यांचा रोगाशी संबंध असतो हे त्यामुळे खोटे ठरत नाही. तेव्हा वाडा पडून हवेशीर घर उभे राहत असेल तर आम्ही त्याच्या बाजूचे आहोत. आमची तक्रार निराळी आहे. जेथे ओसरी होती तेथे आता मोटारी उभ्या राहतात. नव्या घराने गाडीसाठी किती जागा सोडावी हे बांधकामाची नियमावली आकड्यांनी सांगते. त्याच घराच्या दारातून बाहेर पडणाऱ्या मुलाने पाऊल कोठे ठेवावे, हे ती त्याच नेमकेपणाने सांगत नाही. मग २०१८ साली शहरात नोंदलेली वाहने सुमारे ३६ लाख झाली, त्यांत २७ लाख दुचाक्या, आणि वाहनांनी माणसांस मागे टाकले असे बोलले गेले, यात नवल ते काय! एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या गावाची ही गत. बस वेळेवर न मिळाल्याने स्कूटर घेणाऱ्या कारकुनास आम्ही दोष देत नाही. त्याने निरुपायाने घेतली.

कायदा या बाबतीत मुका नाही. सार्वजनिक रस्त्यांची बांधणी व निगा हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य म्हणून १९४९ च्या अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये नमूद आहे. तिजोरीत पैसा नाही ही सबब चालणार नाही, असे १९८० साली रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी बजावून ठेवले. आणि मे २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने पदपथावरून निर्धोक चालण्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. महापालिकेने स्वतःही २०१६ साली पादचारी धोरण व २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला आहे. कागद उत्तम आहेत. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांस बंद करून पादचारी दिनही साजरा होतो. बैलाचीही पूजा वर्षातून एकदा पोळ्याला होते; दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर जू असते. शिवाय मार्च २०२२ मध्ये लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. ज्याला मत मागावयाचे नाही त्याला गल्लीत येऊन पाहण्याची निकड कशी वाटावी? स्वराज्य मिळवून पाऊणशे वर्षे लोटल्यावर ही स्थिती यावी, याची आम्हांस लाज वाटते.

व्यापाऱ्यांचा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे: गाडी बंद केली की गिऱ्हाईक तुटेल. त्यांस आम्ही गणेशोत्सवाचे दिवस आठवावयास सांगतो. मानाचा पहिला गणपती ज्या पेठेत बसतो तिच्या भोवतालचे रस्ते त्या संध्याकाळी वाहनांस बंद असतात. माणसे पायी लोटतात. आणि त्या दिवसांत दुकानांच्या फळ्या लवकर पडल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही. दहा दिवस जे साधते ते वर्षभर थोड्या प्रमाणात का साधू नये? फेरीवाल्यांस हाकलणे हा मात्र उपाय नव्हे. २०१४ च्या कायद्याने त्यांचीही उपजीविका राखली आहे, आणि रस्त्याची खरी जागा टोपलीने नव्हे, उभ्या मोटारीने खाल्ली आहे.

तेव्हा आमची मागणी मोठी नाही. कसबा पेठ स्टेशनापासून कसबा गणपती, शनिवारवाडा व तांबट आळी या तीन वाटा प्रथम घ्याव्यात. तेथील आरपार वाहतूक दिवसा बंद करावी; राहणाऱ्यांची वाहने, रुग्णवाहिका व बंब यांस मुभा असावी. रस्त्यावर गाडी ठेवणाऱ्याकडून जागेचे भाडे घ्यावे व ते त्याच पेठेच्या फरसबंदीवर, दिव्यांवर व स्त्रियांच्या स्वच्छतागृहांवर खर्चावे. जेथे पदपथास रुंदीच नाही तेथे सारी गल्ली एका पातळीची करून चालणाऱ्याचा हक्क पहिला ठेवावा. स्टेशनापासून पेठांतून फिरणाऱ्या लहान बसेस वाढवाव्यात. या तीन वाटांसाठी किती रुपये लागतील, हा आकडा महापालिकेने येत्या अंदाजपत्रकात स्वतंत्र मांडावा. मांडल्यास तो आम्ही याच स्तंभात छापू. न मांडल्यास ती जागा कोरी ठेवून छापू.